तीन सेकंद थांबा

२००७ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा संशोधक विद्यार्थी होतो. सुमारे चाळीस हजार प्रथिनांची एक यादी आमच्यापाशी होती आणि त्या प्रत्येकातील अमिनो आम्लांचा क्रम, म्हणजे कोणत्या आम्लामागून कोणते येते ते, आम्हाला हवे होते. हे क्रम परदेशातील एका मोठ्या माहितीकोशात विनामूल्य मिळत. एकेक हाताने मागत बसलो असतो तर वर्ष सरले असते. म्हणून एक छोटी आज्ञावली लिहिली. यादीतला एक क्रमांक उचलायचा, इंटरनेटवरून माहितीकोशाला विचारायचे, उत्तर साठवायचे, पुढचा क्रमांक उचलायचा. आज्ञावलीचा नमुना माहितीकोशाच्याच मदत-पानावरून घेतला होता. त्यात एक ओळ अशी होती की, प्रत्येक विचारणेनंतर तीन सेकंद थांबावे. आम्ही हिशेब केला. चाळीस हजार गुणिले तीन म्हणजे एक लाख वीस हजार सेकंद. तेहतीस तास वीस मिनिटे, आणि तीही नुसती थांबण्यात! ती ओळ आम्ही खोडून टाकली, आज्ञावली सुरू केली आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या संस्थेत कोणालाच तो माहितीकोश उघडता येईना. ग्रंथालयात नाही, शेजारच्या प्रयोगशाळेत नाही, संचालकांच्या खोलीतही नाही. सगळीकडे एकच उत्तर येत होते: प्रवेश नाकारला आहे. संस्थेतील सारे संगणक बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून दिसत असत. चाळीत साठ बिऱ्हाडे आणि पत्ता मात्र एकच, तसे. एका बिऱ्हाडाने रात्रभर जो दंगा केला त्याची शिक्षा साऱ्या चाळीला झाली होती.

त्या प्रकरणाचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू. आधी, हे तीन सेकंद आले कोठून, ते पाहणे अधिक मनोरंजक आहे.

पोस्टकार्डाचा जमाना

संगणक येण्यापूर्वीही शास्त्रज्ञ एकमेकांकडे माहिती मागतच होते. एखाद्याचा शोधनिबंध वाचायचा आहे पण ते नियतकालिक आपल्या ग्रंथालयात येत नाही, अशी स्थिती आपल्याकडे तर नेहमीचीच. मग लेखकाला एक छापील कार्ड पाठवायचे: आपल्या अमुक निबंधाची एक प्रत कृपया पाठवावी. लेखकाजवळ नियतकालिकाने दिलेल्या काही जादा प्रती असत. त्यांतील एक तो पाकिटात घालून स्वखर्चाने पाठवी. जगभर कित्येक दशके हा व्यवहार चालला आणि त्याला कोणी नियम घालून दिला नव्हता. नियमाची गरजच नव्हती. विचारणाऱ्याला कार्डाचा खर्च येई, पत्ता हाताने लिहावा लागे आणि उत्तराची वाट पाहण्यात दोन महिने जात. एका रात्रीत चाळीस हजार कार्डे टाकणे कोणाला शक्य होते? विचारण्याला जे कष्ट पडत, तेच विचारण्यावरचे बंधन होते.

प्रथिनांच्या क्रमांचा पहिला मोठा संग्रहही पुस्तकरूपानेच निघाला. अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली असा एक 'अ‍ॅटलास' प्रसिद्ध केला. त्यात ६५ प्रथिने होती. पंधरा वर्षांनी, १९८० साली, डेहॉफ यांच्याच गटाने हा संग्रह दूरध्वनीच्या तारेवरून दुसऱ्या संगणकाला विचारता येईल असा खुला केला. दूरच्या संगणकाने माहितीकोशाला थेट प्रश्न विचारावा, ही क्रमांच्या क्षेत्रातील पहिलीच घटना. डीएनएच्या क्रमांसाठी १९८२ साली लॉस अ‍ॅलामोस येथे वॉल्टर गोड यांच्या पुढाकाराने 'जेनबँक' उभी राहिली. त्या वर्षीच्या डिसेंबरात तिच्यात ६०६ क्रम होते आणि डीएनएची सगळी मिळून सहा लाख ऐंशी हजार अक्षरे. ती चुंबकीय फितीवर घालून टपालाने पाठवीत असत. एवढ्या माहितीवर मर्यादा ती काय घालायची!

बदल झाला तो जाळ्यामुळे. फाइल पाठविण्याची जी पद्धत 'एफटीपी' म्हणून प्रसिद्ध आहे, तिच्यात अनेक विद्यापीठांनी आपल्या संगणकाचा एक कप्पा कोणासाठीही उघडा ठेवला. आत शिरताना नावाच्या जागी 'अनामिक' या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहायचा आणि परवलीच्या शब्दाच्या जागी स्वतःचा इ-मेल पत्ता. वास्तविक तेथे काहीही लिहिले तरी दार उघडे. पण पत्ता लिहिणे ही रीत होती. आपण कोणाच्या घरात जातो आहोत याची जाणीव, आणि आपल्या हातून काही बिघडलेच तर घरमालकाने कोणाला हाक मारावी याची सोय. दुसरी रीत अशी की, मोठी फाइल यजमानाच्या रात्री उतरवून घ्यावी. दिवसा तोच संगणक तेथील लोकांच्या कामाला लागलेला असतो. तिसरी रीत, जवळच्या ठिकाणी त्याच संग्रहाची प्रत ठेवली असेल तर लांब जाऊ नये. १९९५ च्या ऑक्टोबरात सॅली हॅम्ब्रिज यांनी इंटरनेटवरील शिष्टाचाराचा एक मसुदा संकलित केला, त्यातही अशा रीती नमूद आहेत. या सेवा दुसऱ्या कोणाच्या तरी मालकीच्या आहेत आणि त्यांचे बिल भरणाऱ्याला नियम ठरविण्याचा अधिकार आहे, असे तो मसुदा स्पष्ट सांगतो.

जवळच्या प्रतीचे उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे १९७२ साली ताऱ्यांच्या माहितीचे केंद्र सुरू झाले. त्याच्या 'व्हिझिएर' या तारकासूचींच्या संग्रहाची एक प्रत 'आयुका'मध्ये ठेवण्यात आली. भारतातील खगोलशास्त्रज्ञाने सूचीतील एखादी नोंद पाहण्यासाठी समुद्रापार जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्या काळच्या तारांचा वेग पाहता ही नुसती सभ्यता नव्हती, सोयही होती.

यंत्र प्रश्न विचारू लागले

इथवर विचारणारा माणूस होता. १९९३ च्या सुमारास वेबवर फिरणाऱ्या आज्ञावल्या निघाल्या, त्यांना 'रोबो' म्हणू लागले. एक पान वाचायचे, त्यातील दुवे पकडून पुढची पाने वाचायची, असे त्यांचे काम. माणूस एक पान वाचायला मिनिट घेतो, रोबो सेकंदाला दहा मागतो. लहान सर्व्हर त्या माऱ्याखाली कोलमडत. इंग्लंडमध्ये काम करणारे मार्टाइन कॉस्टर यांनी रोबो लिहिणाऱ्यांसाठी काही सूचना तयार केल्या. तुमच्या रोबोला नाव द्या, त्याच्यासोबत तुमचा पत्ता पाठवा, आणि धावू नका, चाला. किती सावकाश? मिनिटाला एक पान हे सेकंदाला एकापेक्षा पुष्कळ बरे, आणि पाच मिनिटांना एक त्याहून बरे, असे त्यांचे म्हणणे होते. आज ते वाचून हसू येते. पुढे १९९४ साली त्यांच्याच पुढाकाराने अशी पद्धत ठरली की, प्रत्येक संस्थळाने एका ठरावीक नावाच्या फाइलीत रोबोंनी कोठे येऊ नये ते लिहून ठेवावे. ही फाइल म्हणजे कुलूप नव्हे. दारावरची पाटीच ती. पाटी वाचून परत फिरायचे की नाही हे येणाऱ्यावर. अशी ही पाटी अधिकृत मानकात दाखल व्हायला २०२२ साल उजाडले, आणि मधली अठ्ठावीस वर्षे ती केवळ सर्वसंमतीवर चालली, याचे आम्हाला आजही नवल वाटते.

सगळ्यांचाच स्वभाव कॉस्टर यांच्यासारखा समजुतीचा नव्हता. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ च्या ऑगस्टमध्ये लॉस अ‍ॅलामोस येथे भौतिकीच्या अप्रकाशित निबंधांचा संग्रह सुरू केला. पुढे तो 'अर्काइव्ह' या नावाने जगन्मान्य झाला. प्रारंभी सारा व्यवहार इ-मेलवर होता. ठरावीक शब्दांत पत्र लिहायचे आणि संगणक उत्तरादाखल निबंध पाठवून देई. वेबवर आल्यानंतर रोबोंचा उपद्रव सुरू झाला. तेव्हा तेथे रोबोंसाठी एक खास इशारा-पान तयार झाले. त्यात एक दुवा होता आणि शेजारी अशा अर्थाचा मजकूर की, येथे टिचकी मारल्यास तुमच्या संस्थळाविरुद्ध आपोआप 'शोधा आणि नष्ट करा' कारवाई सुरू होईल. माणूस हे वाचतो आणि हात मागे घेतो. दिसेल त्या दुव्यावर पाऊल टाकणारा रोबो मात्र बेधडक आत शिरतो, आणि आपण कोण ते सांगून बसतो! विनोद बाजूला ठेवला तरी अर्काइव्हने पुढे आज्ञावल्यांसाठी जो नियम केला तो असा: तीन सेकंदांत एकच विचारणा.

जेनबँकेचे घर १९९२ पासून अमेरिकेतील 'एनसीबीआय' ही संस्था सांभाळते. १९९७ साली तिचा 'पबमेड' हा वैद्यकीय निबंधांचा सूचीकोश जगाला विनामूल्य खुला झाला. त्याच संस्थेने आज्ञावल्यांना प्रश्न विचारण्यासाठी एक वेगळी खिडकी दिली. नियम तोच, दोन विचारणांमध्ये तीन सेकंद. २००९ साली यंत्रे सशक्त झाल्यावर तो सेकंदाला तीन इतका सैल झाला, आणि २०१८ पासून नाव नोंदवून किल्ली घेणाऱ्यास सेकंदाला दहा. आज्ञावलीचे नाव आणि स्वतःचा इ-मेल पत्ता सोबत पाठवावा, म्हणजे काही चुकत असल्यास प्रवेश बंद करण्यापूर्वी पत्र लिहिता येईल, हेही त्यात आहे. एफटीपीच्या दारातली जुनी रीत ती हीच. आणि मोठी कामे शनिवार-रविवारी, किंवा इतर दिवशी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील रात्री नऊ ते पहाटे पाच या वेळात करावीत. आपल्या घड्याळाने ही वेळ हिवाळ्यात सकाळी साडेसात ते दुपारी साडेतीन अशी येते, उन्हाळ्यात तासभर आधी. म्हणजे ऐन शाळेची वेळ! ज्या सवलतीसाठी तिथल्या विद्यार्थ्याला जागरण करावे लागते, ती आपल्याला भूगोलाने आयती दिली आहे. आमच्या आज्ञावलीने मात्र आमच्या रात्री, म्हणजे त्यांच्या भर दुपारी, मारा केला होता.

टपाल कचेरीतली रांग

आता कोणी विचारील, एका आज्ञावलीने असे किती बिघडते? सेकंदाला पाच-दहा विचारणा, आणि तिकडे एवढे बलाढ्य संगणक. याचे उत्तर वर्गात सहज करून दाखविता येईल.

टपाल कचेरीतील एका खिडकीची कल्पना करा. कारकून सरासरीने एका मिनिटाला एक माणूस मोकळा करतो, म्हणजे तासाला साठ. माणसे वेळापत्रकाने येत नाहीत, वाटेल तेव्हा येतात, आणि कोणाचे काम लवकर आटपते तर कोणाचे रेंगाळते. तासाला तीस माणसे येत असतील तर प्रत्येकाचा रांगेसह सरासरी वेळ दोन मिनिटे होतो. काढायची रीत सोपी: साठातून तीस वजा करायचे आणि तासाला, म्हणजे साठ मिनिटांना, त्या आकड्याने भागायचे. आता तासाला चोपन्न माणसे येऊ लागली. साठ वजा चोपन्न सहा, म्हणून दहा मिनिटे. एकोणसाठ येऊ लागली की वजाबाकी एक, आणि प्रत्येकाला एक तास! चोपन्नाचे एकोणसाठ होताना गर्दी दहा टक्क्यांनीसुद्धा वाढलेली नाही, पण ताटकळणे सहापट झाले. साठ झाले की रांग वाढतच जाते. या गणिताचा पाया कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीतील गणिती ए. के. एरलांग यांनी १९०९ साली घातला. प्रश्न त्यांच्यासमोर होता तो टेलिफोनच्या किती तारा टाकाव्यात याचा.

लोकप्रिय माहितीकोश बहुतेक वेळा अशा काठावरच चालतो, कारण मोकळे पडून राहतील इतके संगणक घ्यायला कोणापाशी पैसा असतो? त्यामुळे शेवटची पाच माणसे कोण, याला महत्त्व येते. आणि आमच्या आज्ञावलीत आणखी एक दोष होता. उत्तर यायला उशीर झाला की ती तोच प्रश्न ताबडतोब पुन्हा विचारी. म्हणजे रांग जितकी लांब, तितके आम्ही अधिक वेळा रांगेत! शहाणी आज्ञावली याच्या उलट वागते. उत्तर आले नाही तर एक सेकंद थांबते, मग दोन, मग चार, मग आठ. 'इथरनेट' या जाळ्याच्या जनकांनी १९७० च्या दशकात एकाच तारेवर दोन संगणक एकदम बोलू लागले तर काय करावे यासाठी याच जातीची युक्ती वापरली होती.

सर्व्हर मोजणी ठेवतो तीही पाहण्यासारखी आहे. प्रत्येक पत्त्यासाठी एक डबा कल्पा. डब्यात दर सेकंदाला तीन कुपने पडतात, डबा भरला की जास्तीची वाया जातात. प्रत्येक विचारणेला एक कुपन खर्च होते. डबा रिकामा असताना आलेल्याला 'फार विचारणा झाल्या, नंतर या' असे उत्तर मिळते. २०१२ पासून या उत्तराला वेबच्या भाषेत ४२९ हा स्वतंत्र क्रमांकही आहे.

माणसाला विचारताना

यंत्राला प्रश्न विचारण्याची ही रीत वाढत होती, त्याच सुमारास माणसांना प्रश्न विचारण्याचीही रीत घडत होती. १९७९ साली ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी कल्पिलेल्या 'यूजनेट'वर विषयवार गट असत. तेथे कोणीही शंका टाकावी आणि जगातील कोणाही जाणकाराने उत्तर द्यावे. जीवशास्त्रज्ञांचे 'बायोनेट' गटही पुढे निघाले. जाणकाराला याचा पैसा मिळत नसे. त्याचा वेळ हीच तेथील टंचाईची वस्तू होती. तोच तो प्रश्न शंभरदा आला की तो निघून जाई. म्हणून वारंवार विचारले जाणारे प्रश्न उत्तरांसह एकत्र लिहून ठेवण्याची चाल पडली. नासातील यूजीन मिया यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी अंतराळविषयक टपाल-यादीवर अशी सूची चालविली. नवागताने आधी ती वाचावी, मग प्रश्न विचारावा. विचारताना यंत्र कोणते, काय करून पाहिले, नेमके काय घडले ते लिहावे. आमची आवडती रीत याच्या पुढची आहे. विचारणाऱ्याला लोकांनी खाजगी पत्राने उत्तरे पाठवावीत आणि त्याने त्या सर्वांचा गोषवारा करून गटावर टाकावा. घेतलेल्याची परतफेड अशी होई, आणि पुढच्याला तोच प्रश्न विचारावा लागत नसे.

दर सप्टेंबरात अमेरिकी विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत आणि यूजनेटवर महिनाभर गोंधळ माजे. आपल्याकडे जून महिन्यात पाचवीच्या वर्गात जे होते तेच. हळूहळू ती मुले रुळत. १९९३ पासून व्यापारी कंपन्यांचे ग्राहक लोंढ्याने येऊ लागले आणि जुन्या मंडळींनी म्हटले की, यंदाचा सप्टेंबर काही संपत नाही. २००१ साली एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी प्रश्न कसे विचारावेत यावर एक निबंध लिहिला. त्यातील सल्ला रास्त आहे, सूर मात्र काहीसा तुसडा. आमच्या मते अशा सुराने जेवढे वाईट प्रश्न थांबले, तेवढेच लाजरे चांगले प्रश्नही थांबले असावेत. वर्गात शिकविणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

अलीकडे पुन्हा एक सप्टेंबर सुरू झाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींना शिकविण्यासाठी मजकूर गोळा करणारे रोबो पाटी न वाचता, नाव न सांगता फिरतात, आणि त्यांतील काही हजारो वेगवेगळ्या पत्त्यांवरून येतात. पत्तेच वेगळे असले की कुपनांचे डबे निरुपयोगी. विकिपीडिया चालविणाऱ्या विकिमीडिया संस्थेने २०२५ च्या एप्रिलमध्ये जाहीर केले की, चित्रे आणि ध्वनिचित्रफिती उतरविण्याचा भार २०२४ च्या जानेवारीपासून पन्नास टक्क्यांनी वाढला, आणि तिला सर्वांत महाग पडणाऱ्या रहदारीपैकी पासष्ट टक्के रोबोंची आहे. लहान ग्रंथालये आणि संग्रहालये या माऱ्यापुढे काय करतात? काही जण दार लावून घेतात, नाव-पत्ता घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. त्यात अडकतो तो एखाद्या तालुक्याच्या गावचा शिक्षक, ज्याला फक्त एक पान हवे होते.

आता आमची गोष्ट. प्रवेश बंद झाल्यावर आम्ही माहितीकोशाच्या मदत-कक्षाला पत्र धाडले: 'आपली सेवा बंद आहे. आमचे महत्त्वाचे काम अडले आहे. त्वरित सुरू करावी.' दोन दिवस उत्तर नाही. आमच्या मार्गदर्शक सरांनी पत्राची प्रत मागितली आणि वाचून म्हणाले, "यात तुम्ही काय केलंत ते कुठे आहे?" मग समोर बसवून दुसरे पत्र लिहून घेतले. आमच्या संस्थेचा आयपी पत्ता, आज्ञावली सुरू केल्याची वेळ, खोडलेली ओळ, झालेली चूक, आणि मुळात हवे काय होते ते.

चौथ्या दिवशी प्रवेश सुरू झाला. तेहतीस तास वाचविण्याच्या नादात संस्थेतील साऱ्यांचे चार दिवस गेले होते. सोबत मदत-कक्षातील कोणाचे तरी छोटे पत्र होते. आपण मागत होता ते सर्व क्रम एकाच फाइलीत बांधून एफटीपीच्या कप्प्यात दर महिन्याला ठेवलेले असतात, असे त्यात लिहिले होते. चाळीस हजार प्रश्न विचारण्याचे कारणच नव्हते. त्यांच्या रात्री, म्हणजे आमच्या सकाळी, आम्ही ती फाइल मागविली. जेवणाच्या सुटीपर्यंत ती पूर्ण उतरली होती.